टर्नटेबलची तक्रार पुन्हा पुन्हा का येते : सुईपासून स्पीकरपर्यंतची तपासणी

वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील एलपी कपाटातून काढून, त्यांच्यासाठी नवे टर्नटेबल घेणाऱ्या सोलापूरकरांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. कोणी म्हणतात आवाज पातळ येतो, कोणी म्हणतात मागे सतत गुणगुण असते, कोणाला गायिकेचा ‘स’ आणि ‘च’ कानाला टोचतो. दुकानदाराच्या सल्ल्याने स्पीकर बदलले जातात, चार दिवस बरे वाटते आणि मग तक्रार जशीच्या तशी परत येते. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा बहुतेक प्रसंगी कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. दोन यंत्रे जिथे एकमेकांना जोडली जातात तिथे त्यांचे गुणधर्म जुळलेले नसतात, आणि तो सांधा तपासल्याशिवाय पुढचे यंत्र बदलले की दोष तात्पुरता झाकला जातो. म्हणून तपासणी सुईपासून सुरू करून स्पीकरकडे जावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.

आवाज फारच बारीक आहे, किंवा फाटतो आहे

ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत स्वस्तात सुटते. आज बहुतेक टर्नटेबलांवर असणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबक हलणाऱ्या) प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणाऱ्या छोट्या डबीतून, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच विद्युत संकेत निघतो, तर सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंत निघतो. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर मुद्दाम वाढवलेले असतात, कारण खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा रुंद होऊन एका बाजूवर जेमतेम थोडेच संगीत मावेल आणि वरचे बारीक सूर खरखरीत बुडून जातील. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए या प्रमाणवक्रानुसार २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबलने आवाज कमी केलेला असतो आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढाच वाढवलेला असतो. ऐकताना हा वक्र उलटा फिरवणे आणि संकेत सुमारे शंभरपट, म्हणजे ४० डेसिबलने वाढवणे, ही दोन्ही कामे फोनो प्रीअॅम्प्लिफायर करतो.

आता दोन चुका संभवतात. टर्नटेबलचा संकेत फोनो प्रीअॅम्प्लिफायर न लावता थेट ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या साध्या सॉकेटमध्ये दिला, तर आवाज अगदी क्षीण येतो, तबल्याचा डग्गा जणू नाहीसाच होतो आणि फक्त चाटीची टकटक ऐकू येते. याउलट, टर्नटेबलच्या आतच प्रीअॅम्प्लिफायर असून पुन्हा अॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ सॉकेटमध्ये वायर घातली, तर संकेत दोनदा वाढतो आणि खर्ज घुमत, फाटत बाहेर पडतो. अनेक टर्नटेबलांच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे लिहिलेली एक छोटी कळ असते. ती ‘लाइन’वर असेल तर वायर ‘ऑक्स’मध्ये आणि ‘फोनो’वर असेल तर वायर ‘फोनो’मध्ये, एवढे पाहून घ्यावे. साफसफाई करताना किंवा यंत्र हलवताना ही कळ नकळत सरकते, आणि त्यामुळेच कित्येकदा सुटलेली तक्रार परत आल्यासारखी वाटते.

मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे हलणारी कार्ट्रिज असेल तर हिशेब आणखी बदलतो. डेनॉन डीएल-१०३ सारख्या कार्ट्रिजमधून अवघे ०.३ मिलिव्होल्ट निघतात. तिला ६० डेसिबलच्या आसपास वाढ देणारा प्रीअॅम्प्लिफायर हवा, नाहीतर आवाजाचे बटण बरेच फिरवावे लागते आणि संगीताबरोबर यंत्राचे सुस्कारेही मोठे होतात. घरातील जुन्या एचएमव्ही पेटीवर मात्र बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असते आणि तिचा संकेत मूळचाच मोठा असतो. ती ‘फोनो’ सॉकेटला जोडू नये, आणि अशा पेटीची जड सुई नव्या स्टिरिओ एलपीवर ठेवू नये. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांची खाचही वेगळी असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, तर एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. एलपीची सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि खरखरीशिवाय फारसे काही उचलत नाही.

सूरच खाली बसला आहे

अमेरिकेतील नातेवाइकांनी आणून दिलेल्या जुन्या टर्नटेबलबाबत हा प्रकार बऱ्याचदा घडतो. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावल्याने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. ज्या टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते ती येथे पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणजे मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या होतात. संगीताच्या भाषेत हे अंतर नेमके षड्ज ते कोमल गंधार एवढे आहे. गायकाने ज्या सुरात षड्ज लावला तो आपल्या घरात कोमल गंधाराच्या अंतराने खाली ऐकू येतो. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास हर्ट्झ बदलून देणारा वीजपुरवठा लावण्याचा खर्च परवडतो का याचा विचार करावा.

वेग साधारण बरोबर असूनही सूर डोलत असेल तर त्याची परीक्षा तानपुऱ्याइतकी दुसरे कोणतेही वाद्य घेत नाही. विलंबित ख्यालाची एलपी लावून, गायन सुरू होण्यापूर्वी वाजणाऱ्या तानपुऱ्याकडे आणि मग संवादिनीच्या लांब धरलेल्या स्वराकडे कान द्यावा. भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांच्या एलपी अनेक घरांत असतातच, त्या या कामाला उत्तम आहेत. तबकडीच्या प्रत्येक फेरीगणिक, म्हणजे १.८ सेकंदांनी, सूर हलत असेल तर तबकडीचे मधले भोक केंद्रातून सरकलेले आहे किंवा तबकडी वाकलेली आहे. डोलणे अनियमित असेल तर पट्टा सैल झाला आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात रबरी पट्टे लवकर ताठर आणि ढिले होतात, त्यामुळे उन्हाळ्यानंतर पट्टा तपासणे गरजेचे आहे.

मागची गुणगुण

गुणगुण ऐकू येत असेल तर सुई उचललेली ठेवून, आवाजाचे बटण नेहमीच्या जागी आणून, अॅम्प्लिफायरची निवडकळ ‘फोनो’वरून दुसऱ्या सॉकेटकडे फिरवावी. गुणगुण थांबली तर दोष टर्नटेबल आणि फोनो प्रीअॅम्प्लिफायर यांच्यामध्ये आहे. थांबली नाही आणि बटण कमी केल्यावरही तेवढीच राहिली तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या, धातूला बोट लावताच गुणगुण कमी किंवा जास्त झाली तर टर्नटेबलची वेगळी बारीक ग्राउंड वायर प्रीअॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट बसलेली नाही असे समजावे. आर्म तबकडीच्या मध्याकडे नेताना गुणगुण वाढत गेली तर मोटरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजला पकडता येते आहे. ही कार्ट्रिज आणि त्या टर्नटेबलची जोडीच जुळत नाही, तिथे वायर बदलून उपयोग नाही.

सोलापुरात या तक्रारीचा एक हंगामी भाग आहे. येथील काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माती कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा विद्युत रोध वाढतो, आणि श्रावणात शांत असलेली यंत्रणा चैत्रात गुणगुणू लागते. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे, आणि जाणकार वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये, कारण ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. त्याऐवजी टर्नटेबल, प्रीअॅम्प्लिफायर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर आणावेत, म्हणजे तिन्हींचे अर्थिंग एकच राहते आणि त्यांच्यात फिरणारा प्रवाह थांबतो.

गुणगुणीऐवजी चरचरणारा आवाज येत असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रथम संशयित धरावा. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून पाहिल्यास लगेच उत्तर मिळते. वीज गेल्यावर घरातील साध्या इन्व्हर्टरवर टर्नटेबल चालवले तरी असाच आवाज येतो, कारण त्या इन्व्हर्टरची विद्युत लहर गुळगुळीत नसून पायऱ्यापायऱ्यांची असते.

माग आणि टोनआर्म

सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रस्त्यावर किंवा जिथे शेजारच्या घरात माग चालतात अशा कोणत्याही वस्तीत राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. त्यांची तक्रार अशी असते की रविवारी आवाज सुंदर येतो आणि कामाच्या दिवशी तोच आवाज गढूळ, थकल्यासारखा येतो. कधी सुई उडते, कधी स्पीकरचा वूफर संगीत नसतानाही आत-बाहेर हलताना दिसतो.

यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभर ते दोनशे वेळा फेकला जातो. म्हणजे जमिनीतून सेकंदाला साधारण दोन-तीन धक्के येतात, आणि प्रत्येक धक्का तीव्र असल्यामुळे त्याच्या पटीतील कंपनेही, पाच-सात-दहा हर्ट्झपर्यंत, बरोबर येतात. कानाला ही कंपने ऐकू येत नाहीत, पण सुईला ती जाणवतात. आता टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून स्वतःचीही एक डोलण्याची गती असते. सुई ज्या लवचीक दांडीवर बसलेली असते ती स्प्रिंगसारखी वागते आणि आर्मचे वस्तुमान त्या स्प्रिंगवर झुलते. ही गती काढण्याचे सूत्र सोपे आहे. आर्मचे प्रभावी वस्तुमान (आर्म हलताना सुईला जाणवणारे), कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करावी, तिला कार्ट्रिजच्या लवचिकतेच्या (सुईची दांडी किती सहज वाकते याच्या) आकड्याने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागावे. उत्तर हर्ट्झमध्ये येते आणि ते ८ ते १२ च्या दरम्यान असावे असा रूढ नियम आहे, कारण त्याखाली वाकलेल्या तबकडीची आणि जमिनीची कंपने असतात, तर त्यावर संगीताचा खर्ज सुरू होतो.

उदाहरणच घेऊ. ऑर्टोफॉन २एम रेड या कार्ट्रिजचे वजन ७.२ ग्रॅम आणि लवचिकता २० आहे. ती १२ ग्रॅम प्रभावी वस्तुमानाच्या आर्मवर एक ग्रॅमच्या स्क्रूंनी बसवली तर बेरीज २०.२, गुणाकार ४०४, वर्गमूळ सुमारे २०.१ आणि उत्तर ७.९ हर्ट्झ येते, म्हणजे काठावर पण चालण्यासारखे. तीच कार्ट्रिज २२ ग्रॅमच्या जड आर्मवर बसवली तर उत्तर ६.५ हर्ट्झवर घसरते. शांत वस्तीत हा फरक कदाचित लक्षातही येणार नाही, परंतु मागांच्या शेजारी तो नेमका धक्क्यांच्या टप्प्यात जाऊन बसतो, आणि मग बाहेरची कंपने आर्मला झोके देत राहतात. जड आर्मला कमी लवचिकतेची कार्ट्रिज आणि हलक्या आर्मला जास्त लवचिकतेची, हा नियम सगळीकडचा असला तरी सोलापूरच्या मागांच्या वस्तीत तो काटेकोरपणे पाळलाच पाहिजे. आकडे वाचताना एक काळजी घ्यावी : जपानी कंपन्या लवचिकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात, आणि या सूत्रासाठी तो आकडा अंदाजे दीड ते दोनपट धरावा लागतो.

कार्ट्रिज बदलण्याआधी टर्नटेबलची जागा बदलून पाहावी, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. जमिनीवरच्या टेबलापेक्षा भिंतीत ठोकलेली फळी चांगली, मात्र ती भिंत मागाच्या खोलीशी सामाईक नसावी. आपल्याकडे शहाबादी फरशी सहज मिळते. तिचा एक जाड तुकडा फळीवर ठेवून त्याखाली चारही कोपऱ्यांत नरम रबराचे तुकडे द्यावेत. जड फरशी आणि नरम रबर एकत्र आले की बाहेरची बरीचशी कंपने वर पोहोचत नाहीत. फरशी नुसतीच, रबराशिवाय ठेवली तर ती स्वतः घणघणते. स्पीकर त्याच फळीवर कधीही ठेवू नयेत, कारण मग स्पीकरचा खर्ज सुईत शिरून पुन्हा स्पीकरमधून निघतो आणि बटण वाढवताच यंत्रणा हुंकारू लागते. फोनो प्रीअॅम्प्लिफायरवर ‘सबसॉनिक’, म्हणजे कानाला न ऐकू येणारी खालची कंपने कापणारी, कळ असेल तर ती मागांच्या वेळात चालू ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

मागांचा दुसरा त्रास कापसाच्या तंतूंचा. हवेतील बारीक तंतू तबकडीवर बसतात, सुई ते गोळा करत जाते आणि एका बाजूच्या शेवटापर्यंत सुईवर चक्क बोंडासारखा पुंजका जमतो. सुरुवातीला स्वच्छ असलेला आवाज शेवटी शेवटी मुका होण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. प्रत्येक बाजूपूर्वी कार्बन तंतूंचा ब्रश तबकडीवर फिरवावा आणि सुई मागून पुढे, म्हणजे आर्मच्या पायथ्याकडून टोकाकडे, हलक्या हाताने झटकावी. तबकडी धुवायची असल्यास नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार खाचेत राहतात. डिस्टिल्ड वॉटर वापरावे. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये, लाख त्यात विरघळते.

‘स’ आणि ‘च’ टोचतात

मराठी गाण्यात या व्यंजनांची गर्दी असल्यामुळे दोष चटकन उघडा पडतो. प्रथम सुईचा भार काट्यावर मोजावा. २एम रेडला १.८ ग्रॅम आणि ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई ला २ ग्रॅम भार सुचवलेला आहे. तबकडी जपावी म्हणून भार मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत उलटी ठरते, कारण हलकी सुई खाचेच्या भिंतीवर आपटते आणि तबकडीची झीज वाढते. त्यानंतर कागदी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवण्याच्या आखणीवर) कार्ट्रिजची दिशा जुळवावी. टोचणी फक्त शेवटच्या गाण्यात असेल तर दोष बहुधा या जुळणीत असतो.

सगळ्या बाजूवर सारखीच टोचणी असेल तर वायरचा विचार करावा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा विद्युत रोध तर लागतोच, शिवाय तिला ठरावीक पिकोफॅरड एवढी धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हवी असते. व्हीएम९५ई ला १०० ते २००, तर २एम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड सांगितलेले आहेत. आर्मची आणि जोडणीची वायर मिळून शंभर-दीडशे सहज होतात, आणि अॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये आणखी २२० असले तर व्हीएम९५ई ची मर्यादा कधीच ओलांडली जाते. मग वरच्या सुरांत एक उंचवटा तयार होतो आणि ‘स’ त्यावर चढून बसतो. अशा वेळी आखूड, कमी धारितेची वायर घेणे किंवा त्या अॅम्प्लिफायरसाठी २एम रेडच्या जातीची कार्ट्रिज निवडणे, हे दोनच खरे उपाय आहेत. ट्रेबलचे बटण कमी केले तर टोचणीबरोबर सतारीच्या तारेची झळाळीही जाते.

अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली

येथे जुळवाजुळव तुलनेने सोपी आहे. स्पीकरच्या मागे किंवा कागदावर संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात. म्हणून कमी ताकदीच्या जुन्या अॅम्प्लिफायरला छोटे आधुनिक स्पीकर लावले की तबल्याच्या जोरकस थापेवर आवाज चिरकतो. एका अॅम्प्लिफायरला आठ ओहमच्या स्पीकरच्या दोन जोड्या समांतर लावल्या तर भार चार ओहमचा होतो. अॅम्प्लिफायरवर तशी परवानगी लिहिलेली नसेल तर, विशेषतः सोलापूरच्या मे महिन्यात, तो तापून बंद पडतो. त्याच्यावर काहीही ठेवू नये आणि चारही बाजूंनी हवा खेळू द्यावी.

शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब अशा आपल्या खोल्यांत वरचे सूर वारंवार परावर्तित होतात आणि चांगल्या जोडणीतही कर्कशपणा जाणवतो. स्पीकर आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी आणि स्पीकरसमोरच्या उघड्या भिंतीवर सोलापुरी चादर भिंतीपासून बोटभर अंतर सोडून, घड्या पाडून टांगावी. चादरीने खर्ज आवरत नाही, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणावेत.

या सर्व सांध्यांचे आकडे एका कागदावर लिहून तो टर्नटेबलच्या खाली ठेवावा : कार्ट्रिजचा संकेत, सुईचा भार, लवचिकता, आर्मचे वस्तुमान, प्रीअॅम्प्लिफायरची वाढ आणि धारिता, स्पीकरचे ओहम आणि डेसिबल, आणि सुई कधी बसवली ती तारीख. हिरकणीची सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते. रोज एक एलपी ऐकणाऱ्या घरात दोन-तीन वर्षांनी टोचणी पुन्हा सुरू झाली आणि बाकीचे सर्व आकडे जागच्या जागी असले, तर दुसरे काहीही न बदलता नवी सुई मागवावी, आणि ती येईपर्यंत जुन्या सुईने एकही तबकडी वाजवू नये.